अण्णांची परवानगी

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या घरच्या कॉम्प्युटरला जाहिरातींची कीड लागली ती अण्णांच्या चांगुलपणामुळं. अण्णा म्हणजे माझे वडील, निलंग्याच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर.

परवा लातूरहून घरी गेलो, ब्राउझर उघडला, तर कोपऱ्यातून जाहिरातीवर जाहिरात. केसाचं तेल, लॉटरी, काय काय. मला कळंना, ह्या यायल्यात कुठून? नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये बघितलं, तर भलभलत्या साइटची रांग, अन् प्रत्येकीपुढं 'अलाऊ'.

"अण्णा, ह्यांना हो कुणी म्हणलं?"

"मी. का रे?"

"अहो, पण कशाला?"

"ते काय आपणहून घुसत न्हाईत. आधी चौकट दाखवून 'येऊ का' म्हणून विचारतेत. वर्गाच्या दारात थांबून 'आत येऊ का सर' विचारणाऱ्या पोराला मी कधी न्हाई म्हणलो का?"

मी सगळ्या साइट काढून टाकल्या. अण्णा स्क्रीनकडं निरखून बघत होते.

"आता नवीन कुणी आलं तर?"

"येणार न्हाई. विचारायचंच बंद करून टाकलंय."

"हात्तिच्या! मला वाटलं शिस्त लावायलास. तू तर शाळाच बंद केलीस की!"