जंगलची कॅसेट आन आबाची हलगी

आता काय सांगू तुम्हाला, गावात मला दुबईवाला बबन म्हणत्यात, पण दुबई म्या बघितली ती इमानतळापुरती, तिथनं गाडीत घातला आन थेट हितं अल ऐनला आणून सोडला. गाव आमचं सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या अंगाला. घर वस्तीत, वस्ती गावाबाहेर, आन वस्तीचं काम हलगी. लगीन असू दे, जत्रा असू दे, बैलांची मिरवणूक असू दे, आमचा आबा म्होरं. आबा म्हंजी माझा बाप. हलगी कडकडा वाजायची, एका हातात जाड टिपरू, एका हातात बारीक काडी, आन मागनं चुलत्याचं घुमकं, ते आपलं सावकाश, घुम, घुम. वर पळतंय घोडं आन खाली चालतोय हत्ती, असं. म्या लहान असताना तेच्या म्होरं नाचायचो.

पण एकदा काय झालं, एका मोठ्या घरच्या लग्नात आबानं सकाळपास्नं वाजवलं, आन जेवायची येळ आली तवा म्हणले, बाहेर थांबा, उरलं की देतो. तसं ते दरसालचंच व्हतं, पण त्या दिशी आबाला ते लागलं. घरी आला, हलगी फोडली, चुलीत घातली, आन मला जवळ बसवून म्हणला, बबन्या, ह्या हातांनी तू कुणाच्या दारात वाजवायचं न्हाई, आण हाय माझी. म्या हो म्हणलं. लेकरू काय म्हणणार दुसरं? पण हात ऐकत न्हाईत हो. शाळेत बाक वाजवायचो, मास्तर मारायचे.

तर हितं आलो, पंचाण्णव-शहाण्णव साल आसंल, सनैयात काम लागलं, सनैया म्हंजी गॅरेजांचा सगळा भाग, तिथं एका मल्याळी माणसाचं दुकान, गाड्यांना सीटकवर घालायचं आन म्युझिक बसवायचं. मालकाला सगळी इक्का म्हणायची, इक्का म्हंजी त्यांच्यात थोरला भाऊ. माझं काम दरवाजाचं. आतलं पॅनेल काढायचं, फोम लावायचा, स्पीकर बसला की परत आवळायचं. माणूस बरा, इक्का, ओरडायचा लई पण चहा सोता करून द्यायचा.

एक दिवस सईद आला, हितलाच अरब पोरगा, इंग्लंडला शिकायला गेलेला, सुट्टीला आलेला. मोठी जीप. हिंदी बोलायचा आपल्यासारखीच मोडकी. खिशातनं कॅसेट काढली, म्हणला, ये बजना चाहिए, दरवाजा नहीं बजना चाहिए. इक्कानं लावली. आरं देवा! भांड्याचं कपाट जिन्यावरनं गडगडत गेल्यावानी आवाज. इक्का म्हणला, टेप फास्ट चालतीया, हेड साफ कर. साफ केलं, तरी तेच. दुसरी कॅसेट लावली, ती झ्याक चालली. सईद हसतोय, म्हणतोय, हबीबी, टेप ठीक आहे, हे असंच हाय, ह्याला जंगल म्हणत्यात. म्या म्हणलं मनात, जंगल कुठाय ह्यात? वाघ न्हाई, चिमणी बी न्हाई.

आन मग, काय सांगू, खालनं ते घुमकं आलं. वर कडकड कडकड पळतंय, आन खाली सावकाश, छातीत बसंल असं, घुम, घुम. माझ्या अंगावर काटा आला. घोडं आन हत्ती. मला काय कळंना, म्या पॅनेल धरून हुभा, आन बोटं आपली चाललीत पॅनेलवर, ताड ताड ताड. गाणं संपलं तवा बघतो तर इक्का तोंड उघडं टाकून बघतोय आन सईद टाळ्या वाजवतोय. तू ड्रमर हाईस? त्यानं इचारलं. न्हाई न्हाई, म्हणलं, म्या दरवाजावाला.

मग सईद सारखाच येया लागला. कधी दोस्त घिऊन, कधी उगाच. यल्ला बबन, म्हंजी चल बबन, म्हणायचा, आन कॅसेट लावायचा, आन म्या दरवाजा वाजवायचो. त्यानंच सांगितलं मला, हे गाणं लंडनच्या काळ्या पोरांचं हाय, त्यांच्या आयबापांनी बेटांवरनं बोटीनं येऊन तिथं बसगाड्या चालवल्या, दवाखाने झाडले. आन ढोल कुणाचा? तर एका जुन्या रेकॉर्डवरचा, कुणा अमेरिकनाचा, उगं घोटभर तुकडा. पोरांनी तो काम्पुटरात घातला, बारीक बारीक कापला, उलटासुलटा जोडला आन पळवला. माणूस एक, पण हात धा झाले. म्या म्हणलं, आमच्या गोधडीवानी की. त्याला गोधडी समजावून सांगस्तवर माझी हिंदी खलास.

आन मग ते लगीन आलं. सईदच्या भावाचं. सईद म्हणला, बबन, मंडपात कॅसेट लावू, तू संगं ढोल वाजव, पाव्हणे खुश होऊन हातावर काय काय ठेवतील. म्या न्हाई म्हणलं. त्याला वाटलं लाजतोय. परत म्हणला. म्या परत न्हाई. इक्का मला आत घिऊन गेला, म्हणला, बबन, खुळा हाईस का, त्या घरच्या सगळ्या गाड्या आपल्याकडं येत्यात, जा की गप. न्हाई गेलास तर मी तुला ठिवू कसा? घरी पोरगी नुकतीच झालेली. पण आण म्हंजी आण.

शेवटी सईदनंच इचारलं, सरळ, बसून, का न्हाई म्हणतोस? मग म्या सगळं सांगितलं, लगीन, हलगी, चूल, आबा. सईद खाली बघत बसला. मग उठला, म्हणला, तू ये. वाजवू नको. पाव्हणा म्हणून ये.

गेलो. इस्त्रीचा शर्ट इक्काचा. मंडपात गालिचे, भलं मोठं ताट, भातावर आख्खं बोकड, आन ताटाभवती सगळी गोल बसलेली, सईद, त्याचे मामा-चुलते, आन मधी म्या. सईदच्या बापानं सोताच्या हातानं मटण तोडलं आन माझ्या म्होरं सारलं. कुल, कुल, म्हणला, खा, खा. तेंचे ढोलवाले बी वाजवून झाल्यावर तिथंच बसले, त्याच ताटाला. म्या बी हात घातला, पोटभर खाल्लं.

पुढल्या सालात सुट्टी मिळाली. सईदनं कॅसेटची कॉपी करून दिली हुती, ती बॅगेत वर ठिवली. घरी आबा खाटंवर. म्हणलं, आबा, एक ऐकवू का, रागावू नको. लावली. आई म्हणली, काय मशीन बिघडलं का रं? आबाचे डोळे मिटलेले. मला वाटलं, आता फोडतोय टेपरेकॉर्डर. आन त्यानं हात लांब केला, माझ्या बॅगेच्या झाकणावर बोट टेकवलं, आन धरला की ठेका! बरोब्बर! इतक्या सालानं! मधीच थांबला, म्हणला, वाजवणाऱ्या पोरानं इथली थाप खाल्लीया, मारलीच न्हाई. मुद्दाम खाल्लीया. लई शाणं हाय पोरगं. परत लाव.

परत लावली. मग आबानं इचारलं, बबन्या, हे कुणाच्या दारात वाजवत्यात? म्या म्हणलं, कुणाच्याच न्हाई, आबा. सोताच्या खोलीत बसून बनवत्यात, आन लोक तिकीट काढून ऐकाया जात्यात. आन मग सईदच्या घरचं ताट बी सांगितलं. आबा म्हणला, मग वाजव तू. आण सुटली. हौसंनं वाजव, पण.

दुसऱ्या दिशी आम्ही दोघं साताऱ्याला जाऊन हलगी आणली. नवी, फायबरची, चामड्यावानी जाळावर शेकायला नको काय नको. इमानतळावर साहेब म्हणला ये क्या है, म्या वाजवूनच दावली.

आता हितं सुट्टीच्या दिवशी आमची धा-बारा जणं जमत्यात बागंत, एक पेशावरचा ड्रायव्हर ढोलकी घिऊन येतो, इक्का झांज वाजवतो आन मधीच चुकतो. आन ते जंगल म्हणाल, तर ते गेलंच न्हाई हो. आता नवी पोरं सीड्या घिऊन येत्यात, नाव निराळं, गाणारी निराळी, पण खालनं तेच घुमकं आन वर तीच कापलेली कडकड. टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली, त्यात तेच. परवा एका पोराचा मोबाईल वाजला, त्यात तेच, एवढंसं, किरकिरं. हिंदी गाण्यांचे नवे रिमिक्स निघाल्यात, त्यात बी घुसलंय. म्या पोरांना म्हणतो, हे कुठनं आलं ठाऊक हाय का? अंकल, व्हॉटेव्हर, म्हणत्यात. म्या म्हणतो, बरं बाबा, नाच तू.

सईद आता हापिसात मोठा साहेब हाय, दोन लेकरांचा बाप, पण स्पीकर बदलायचा झाला की येतो, चहा इक्काच्याच हातचा पितो.

ज्यानं ते गाणं बनवलं, त्या लंडनच्या पोराचं नाव बी मला ठाऊक न्हाई, आता तो बी चाळिशीला आला आसंल. जिथं आसंल तिथं त्याचं घर भरल्यालं राहू दे. गावाकडं माझी पोरगी पूजा आबापाशी हलगी शिकतीया, शाळेच्या गॅदरिंगला वाजवली तिनं, स्टेजवर, माईक लावून. फोनवर आबा म्हणत हुता, पोरगी थाप खायाला शिकली. म्या म्हणलं, जपून, हात दुखवू नको तिचा. तर मागनं तीच वरडली, पप्पा, तुम्ही कधी येताय? म्हणलं, येतो बाळा, इन्शाल्ला. ती म्हणली, इन्शाल्ला म्हंजी कुठला वार?