बोनटावरचं मांजर

मले जपानी गाडीचं इचारून राहिले ना, मंग आयका. त्या सालात आजूबाजूचे बगीचे वाळून राहिले होते आन् आमचा संत्र्याचा बहार तेवढा साधला. पैसा हातात आला तशी मले अकोल्यात एक लाल, दोन दरवाज्याची, थेट जपानातून आणलेली जुनी गाडी दिसली. बायको म्हणे, "आधी वावरात बोअर मारा." मी कायले आयकतो!

वरुडचा माहा भागीदार सलीम, त्याले घेऊन कडाक्याच्या थंडीत सकाळीच पोचलो. गाडी अशी चमके का मी तिथंच हो म्हणत होतो.

मालक म्हणे, "पंधरा दिवस चाबी लावली नाही. पाहा, एका सेल्फात चालू होते."

सलीम मात्र बोनटाकडंच पाहत होता. तिथं एक मांजर पाय पसरून झोपलं होतं.

"काय पाहून राहिला रे?" मी म्हटलं.

"इतक्या थंडीत मांजर गार पत्र्यावर झोपते का, भाऊ? हात लावून पाह्य."

हात लावला, तर बोनट कढत! आमी यायच्या आधीच मालकानं इंजिन तापवून ठेवलं होतं.

सलीम गोडीत म्हणे, "आमी जेवून येतो, तोपर्यंत गाडी थंडी होऊ द्या."

दुपारी गार इंजिन चालू केलं, तर असा निळा धूर निघाला का मालकच दिसेना! मांजर पयले पळालं, त्याच्यामागं आमी.

त्याच पैशात बोअर मारला आन् पाणी लागलं. आता मांजर आडवं गेलं का लोक थांबतात, मी रामराम करतो.