हातगुण आणि पैशाच्या तीन वाटा

आजच्या निरोप सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या ‘मृगधारा सीड्स’चे मालक आदरणीय तातेरावसाहेब, तीर्थपुरीहून एसटीनं आलेल्या आणि व्यासपीठावरच्या खुर्चीत अजूनही अर्ध्याच टेकलेल्या प्रमुख पाहुण्या उषाबाई चिमणे, सत्कारमूर्ती दैवशालाताई तौर, एमआयडीसीतली आमची शेजारी कारखानदार मंडळी, माझे सहकारी, आणि मागच्या रांगांमध्ये डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या तीर्थपुरीच्या समस्त माऊल्यांनो, सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

मी भारत शेजूळ. गोडाऊन सांभाळतो. पोत्यांशी बोलणाऱ्या माणसाच्या हातात माईक देऊ नये, हे साहेबांना माहीत आहे. तरी त्यांनी दिला. आता भोगा.

मंडळी, आज कंपनीत नवीन आलेल्या पोरापोरींना वाटतं, बियाणं म्हणजे मोबाइलवर बोट टेकवलं की घरी येणारी वस्तू. आम्ही ते दिवस पाहिलेत, जेव्हा उन्हाळा सरत आला की याच गेटसमोर ताडपत्री बांधावी लागायची. अंबड, परतूर, भोकरदन, कुठून कुठून माणसं यायची. कुणी धोतराचा सोगा तोंडाला लावून झोपलेलं, कुणी डबा उघडून ठेचा वाटून राह्यलेलं, दोन अनोळखी गावांची तिथंच सोयरीक जमलेली. आणि त्या सगळ्या गर्दीच्या तोंडाशी एक लहानशी खिडकी. खिडकीत दैवशालाताई. “काका, आज त्या बँकेत जाऊ नका, तिथलं मशीन बंद हाये. पलीकडच्या चौकातल्या बँकेत जा, जल्दी होईल.” अहो, पैशाला वाट दाखवण्याचं काम बाई तेव्हापासून करतात! फक्त तेव्हा त्याला ‘पेमेंट राउटिंग’ असं इंग्रजी नाव नव्हतं. खरं सांगतो, त्या गर्दीची, त्या घामाच्या वासाची आज फार आठवण येते. बियाणं आता जास्त विकतो आपण, पण माणसं दिसत नाहीत.

ताई इथं आल्या कशा, हे त्यांची परवानगी घेऊन सांगतो. आधी “कशाला ते” म्हणाल्या, मग म्हणाल्या, “सांगा, पण रडगाणं नको.” ऐन तारुण्यात ताईंचे यजमान गेले. पुढच्या पेरणीला ताई नेहमीसारख्या पदर खोचून तिफणीमागं उभ्या राहिल्या, तर घरच्या मोठ्यांनी सांगितलं, “तू चाड्यावर मूठ धरू नको. तुझा हात बियाला लागायला नको.” आपल्याकडे चाड्यावर मूठ धरणारी, म्हणजे तिफणीच्या नळ्यांत बी सोडणारी बाई म्हणजे घरची लक्ष्मी. तो मान गेला. ताई भांडल्या नाहीत. बारावी झालेल्या होत्या, जालन्याला आल्या, खिडकीत बसल्या. पण मंडळी, हंगामाचं पहिलं पोतं फोडताना आम्ही गोडाऊनमध्ये नारळ फोडतो ना, तेव्हा ताई दरवर्षी दाराबाहेर उभ्या राहायच्या. आम्ही कुणी अडवलं नव्हतं. आत या, असंही कुणी म्हणालं नाही. बियाण्याच्या कंपनीत अख्खं आयुष्य काढलं बाईंनी, बियाला हात न लावता.

असो. मग लॉकडाऊन आलं, खिडकी बंद झाली आणि साहेबांनी ऑनलाइन दुकान उघडलं. पहिला हंगाम आठवतो का? शेतकऱ्याच्या बँकेतून आपल्या बँकेत पैसे आणून देणारी कंपनी आपल्याकडे एकच होती. तिची वाट तुंबली की सगळं ठप्प! इकडं मोबाइलवर चाक गरगर फिरतंय, तिकडं फोन खणखणतोय, “ताई, पैसे तं गेले, बियानं कुठंय?” ताईंनी हट्ट धरून तशा तीन कंपन्या जोडून घेतल्या. तीन वाटा झाल्या. पण कोणती वाट चालू, कोणती बंद, हे स्क्रीनकडे डोळे लावून त्या स्वतः बघायच्या आणि हातानं बदलायच्या. जेवणाचा डबा तसाच घरी जायचा.

पुढे त्यांनी साहेबांच्या मागं लागून ती नवी प्रणाली आणली. ती आपोआप बघते, कोणत्या बँकेचे पैसे यावेळी कोणत्या वाटेनं सुखरूप पोचतात, आणि तिकडून पाठवते. एक वाट अडली तर दुसरीवर वळवते. अंबडचा रस्ता बंद असला की जीपवाला टपरीवर विचारून आडवाटेनं घेतो, तसंच. शिवाय एक राखणदारही तिच्यात बसवला होता. चोरीची चाल दिसली की तो त्या फोनला तिन्ही वाटा बंद करायचा. साहेब तेव्हा काय म्हणाले होते, सांगू का? “दैवशालाबाई, खर्चा तुमच्या शब्दावर करतोय. फसलं तर तुम्हाला बिलकुल ठेवणार नाही.” साहेब हसून राह्यलेत, म्हणजे आठवतंय त्यांना.

आणि मग ती अक्षय तृतीया उजाडली.

मिरचीचं नवीन वाण होतं, माल थोडा. मुहूर्तावर बुकिंग उघडलं. तीर्थपुरीच्या या बायांची रोपवाटिका. बी वेळेत मिळालं तर रोपं, रोपं झाली तर वर्षाची कमाई, नाहीतर गादीवाफे मोकळे. आता तीर्थपुरीत एक रीत आहे. बी घ्यायचं ते उषाबाईंच्या हातून. त्यांच्या हाताला गुण आहे, त्यांनी घेतलेलं बी दगडावर टाकलं तरी उगवतं, अशी गावाची श्रद्धा. पूर्वी सगळ्यांचे पैसे घेऊन त्या खिडकीवर यायच्या. आता ऑनलाइन झालं, म्हणून त्यांनी काय केलं? पारावर बसल्या आणि आपल्याच फोनवरून एकेका बाईच्या नावानं बुकिंग करत सुटल्या. एक नाव, दुसरं नाव, तिसरं नाव, सगळ्यांना तेवढीच पाकिटं, तेवढेच पैसे.

राखणदाराला काय दिसलं? एकच फोन, भराभर वेगवेगळी नावं. चोर! उषाबाईंच्या फोनला तिन्ही वाटा धाडकन बंद.

ताईंचा फोन वाजला. मी शेजारीच उभा होतो. उषाबाई कडाडल्या, “दैवशाला, तुझं मशीन मला चोर म्हनून राह्यलंय! हितं फोनवर शिल्लक बिया दिसाया लागल्यात कमी कमी!” ताईंनी पुण्याला, प्रणाली बनवणाऱ्या प्रितमला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, हा सरळसरळ फ्रॉड आहे.” तेवढ्यात साहेब आले आणि सोक्षमोक्षच लावला: एकतर राखणदार काढून टाका, सगळ्यांना येऊ द्या, नाहीतर उद्यापासून हे ऑनलाइन बंद आणि खिडकी चालू. मीही साहेबांच्याच बाजूनं बोललो. काढा म्हटलं, गरीब बायांचं नुकसान होऊन राह्यलं.

ताई म्हणाल्या, “नाही काढणार. मागच्याच महिन्यात चोरलेल्या कार्डांवरून खरोखरचा चोर हीच चाल खेळला होता. तो अजून दाराशीच बसलेला असेल. दार उघडलं तर लुटले जातील ते आपलेच शेतकरी.” डाव उलटला असता तर नोकरी गेली असती, दुकान गेलं असतं, आणि तीर्थपुरीच्या बाया आयुष्यभर म्हणाल्या असत्या, हिच्याच हाताचा गुण!

मग त्यांनी फोन परत कानाला लावला. “उषाबाई, एक सांगा. हात तुमचा पाहिजे का फोन तुमचा?”

“हात! फोनाला काय गुन असतो व्हय?”

“मंग फोन ज्याचा त्याचा धरा. प्रत्येकीनं आपल्या फोनवर आपलं बी निवडायचं. ‘पैसे भरा’चं बटण तुम्ही दाबायचं. पिन मात्र ज्या बाईचा तिनंच टाकायचा, तुम्ही बघायचा पण नाही. समजलं का बराबर?”

तिकडं पारावर बायांची रांग लागली. कुणी सुनेचा फोन आणला, कुणी नातवाचा हिसकावला. उषाबाई बटण दाबतायत, बाई तोंड वळवून पिन टाकतेय. आणि प्रणाली काय दिमाखात चालली म्हणता! मुहूर्ताच्या गर्दीनं एक वाट तुंबली, तिनं दुसरीवर वळवलं. दुसरी रेंगाळली, तिसरीवर टाकलं. रांगेतली एकही बाई मागं राहिली नाही. प्रितमनं विचारलं, “मॅडम, हातगुण म्हणजे नक्की काय?” ताई म्हणाल्या, “घरी जाऊन आईला विचार.” साहेब केबिनमध्ये गेले आणि सगळ्यांना चहा पाठवला. साहेबांची माफी ही अशीच असते, आम्हाला सवय आहे.

त्या वर्षीची रोपं अशी तरारली की विचारू नका. तेव्हापासून दर अक्षय तृतीयेला तीर्थपुरीच्या पारावर ही रांग लागते.

मंडळी, आजही अक्षय तृतीया आहे. सकाळी बुकिंग उघडलं. आणि मी गोडाऊनमधून बघतोय, तीर्थपुरीचं एकही बुकिंग आलेलं नाही. जेवताना उषाबाईंना विचारलं, काय झालं, यंदा मिरची नाही का लावणार? तुम्ही पाहिलंच असेल, त्यांनी डाव्या हातानं घास घेतला. हिवाळ्यात झटका येऊन गेला, उजवा हात उचलत नाही. गावात बैठक झाली म्हणे, आता हात कुणाचा? उषाबाई म्हणाल्या, दैवशालाचा. एक म्हातारी बोलली, “अगं, पन तिला तं चाड्यावर मूठ धरू देत न्हवते.” त्यावर उषाबाई काय म्हणाल्या, ते त्यांच्याच शब्दांत सांगतो: “त्या दिवशी बी तिनं राखलं. मी निसतं बटन दाबलं. तिच्या हाताला गुन न्हाई, तं मंग कोनाच्या हाये?”

म्हणून या माऊल्या एसटी भरून आल्यात. नुसत्या निरोपाला नाही आल्या. ताई, त्या मागच्या रांगांकडे बघा, प्रत्येकीच्या मांडीवर फोन आहे. आणि डोळे पुसायला पदर घेऊ नका, तुम्हीच म्हणाला होतात, रडगाणं नको.

बोलण्यात लांबण लागली, चार ठिकाणी जीभ सैल सुटली. साहेबांना टोचलं असेल, पाहुण्यांना कंटाळा आला असेल. पोत्यांच्या संगतीतला माणूस म्हणून पदरात घ्या. इथवर ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. आता माईक खाली ठेवतो, कारण माल थोडा आहे आणि बिया कमी कमी होऊन राह्यल्यात.

ताई, या पुढं. पहिला फोन उषाबाईंचा आहे.