बाकाचं डावं टोक

रामलिंग : थांब, थांब. मागं घे जरा. बाई कुठं गेली?

मालविका : कोणती बाई, सर?

रामलिंग : अगं, पिक्चरमधली! सबंध पिक्चरमधी माणसंच दोन हायेत. मुदखेड स्टेशनचा बाक, उजव्या टोकाला नवरा, डाव्या टोकाला बायको, मधी ट्रंक. मला तर नुसता नवराच दिसून राहिला.

मालविका : पिक्चर आडवा होता सर, मोबाइल उभा असतो. उभ्या चौकटीत बाकाचं एकच टोक मावतं. मग सॉफ्टवेअर ठरवतं कुणाला ठेवायचं. जो बोलतो त्याला ठेवतं.

रामलिंग : आन् जी ऐकती ती?

मालविका : ती सव्वा तासात एक शब्दही बोलत नाही. मशीनच्या लेखी ती नाहीच.

रामलिंग : पंच्याहत्तर भाग केलेस तू. एक मिनिटाचा एक. त्यात कुठंच न्हाई?

मालविका : बेचाळिसाव्यात हात येतो. नवरा पाण्याची बाटली मागतो तेव्हा. कोपरापर्यंत.

रामलिंग : कोपरापर्यंत! वा! आन् शेवट? गाडी येती, नवरा चढतो, बायको बाकावरून उठतच न्हाई. तो शेवट कुठं हाय?

मालविका : नवरा चढतो. तिथंच संपतं.

रामलिंग : म्हंजी बघणाऱ्याला वाटंल, दोघं सुखानं गेले! अगं, ती जात न्हाई हाच तर पिक्चर हाय. हैराण करून सोडलं राव ह्या धंद्यानं. रीळ शिकलो तवर रीळ बंद झालं. डिस्क शिकलो, डिस्क बंद. अहमदपूरचं दुकान हलवून नांदेडला आलो, पाटीवरचं 'रामलिंग चित्र' खोडून 'रामलिंग डिजिटल' केलं. दर चार वर्षांला मी पुन्हा बालवाडीत बसून राहिलो, आन् दर वेळेस मास्तरीण माझ्याहून लहान.

मालविका : माझ्यावर का चिडता सर? मी पण रात्रंदिवस हेच करून राहिलेय.

रामलिंग : तुझ्यावर न्हाई गं. चौदा वर्षं झाली 'सव्वा तास लेट' करून. इथल्या टॉकीजला तीन दिवस, त्यो बी दुपारचा खेळ. चौथ्या दिवशी उतरवला. एकच तर पिक्चर केला मी मनासारखा. आता कुठं मोबाइलवर मिनिटा-मिनिटाचे भाग दाखवणाऱ्या त्या ॲपवाल्यांनी हाव म्हनलंय, तर बाईच गायब! हातानं बसव की एकेक चौकट.

मालविका : कधी त्याच्यावर, कधी तिच्यावर, प्रत्येक वाक्याला ठरवायचं? तीन आठवडे लागतील. आज सहा वाजेपर्यंत अपलोड नाही झालं तर ते आपली जागा दुसऱ्याला देणार. आत्ता सव्वातीन झालेत.

रामलिंग : मग बसू टाळ्या वाजवत.

मालविका : ऐकून तर घ्या. मशीनला आवाज लागतो ना? मग त्या बाईनं मधे मधे नुसतं 'हूं' म्हणायचं. पन्नास-साठ ठिकाणी. आवाज झाला की चौकट तिच्याकडं वळते. मी माझ्या आवाजात करून पाहिलं. वळते.

रामलिंग : तुझा आवाज चालायचा न्हाई. तुझा 'हूं' कॉलेजातला वाटतो.

मालविका : म्हणूनच बाकावरच्या त्या बाईंनाच, तारामती मावशींना, बोलावून घेतलं. सकाळच्या गाडीनं मुदखेडहून आल्यात. बाहेर बसल्यात.

रामलिंग : अक्का आल्या? आन् तू त्यांला बाहेर बसवलंस? अहो अक्का! या, आत या. खुर्चीवर बसा.

तारामती : बसते की. दादा, केस पार गेले तुमचे.

रामलिंग : पिक्चरनं खाल्ले. मालविका, ह्या अक्का. पुण्याहून येणार होती ती नटी आलीच न्हाई. आम्ही कॅमेरा लावून बसलो. ह्या माहेरी चालल्या होत्या, त्याच बाकावर बसल्या होत्या. म्हनलो, बाई, तुम्हीच बसा आता.

तारामती : माझी गाडी निघून गेली त्या नादात. भाऊ तिकडं उतारूंमधी मला हुडकत बसला.

रामलिंग : पण पाठांतर जमेना बघ ह्यांला. दोन ओळी म्हनल्या की तिसरी इसरायच्या. शेवटाला मी सगळे संवाद काढून टाकले. म्हनलो, गप बसा. चौदा वर्षं सांगत फिरतो मी हा किस्सा.

तारामती : दादा, आधी मला बघू द्या. मी अजून बघितलाच न्हाई. टॉकीजला लागला तवा हळद काढायची घाई होती. गावात तर कुणी खरंच धरीना. म्हणतात, तारामती स्टेशनावर बसली आसंल, आली आसंल मागून फोटोत. आज सून फोन धरून बसली हाय, आत्या कवा दिसत्यात म्हणून.

मालविका : दाखवते मावशी. पण हे अजून पुरं झालेलं नाही बरं का.

तारामती : हे तर दादाच हायेत. अजून बी दादाच. मी कुठंय?

रामलिंग : यील, यील.

तारामती : कवा? तुम्ही बोलूनच राहिलेत.

मालविका : मावशी, मशीन बोलणाऱ्यालाच धरतं. म्हणून तुम्हाला थोडा आवाज द्यायचाय. हा माइक. आता बघा, नवरा म्हणतो, 'मागचं इसर, औंदा घराला पत्रे टाकू.' त्याच्या पाठोपाठ तुम्ही 'हूं' म्हणायचं. बस, एवढंच. म्हणा.

तारामती : न्हाई.

मालविका : घाबरू नका. परत परत घेता येतं.

तारामती : घाबरत न्हाई पोरी. मी म्हणणार न्हाई.

रामलिंग : अक्का, दोन अक्षरं बी न्हाईत ती! त्यात पाठ काय करायचंय?

तारामती : पाठांतराचं सोडा. दादा, आपल्यात कुणी कहाणी सांगाया बसलं की ऐकणारानं हुंकार द्यावा लागतो का न्हाई? हुंकार दिला म्हंजी, पटलं, चल पुढं. त्या बाईनं हुंकार दिलाच न्हाई. म्हणून तर हा गडी सव्वा तास बोलून राहिला. पत्रे टाकू म्हणतो, दारू सोडतो म्हणतो, आईला समजावतो म्हणतो. ती काय हूं म्हनंना. मी आता साठ बार हूं म्हनलं, तर ती त्याच्यासंगं गाडीत बसायला पायजे. मग बाकावर कशाला राहिली?

रामलिंग : हे तुम्ही तवाच ठरवलं होतं?

तारामती : मग? तुम्ही म्हनलात गप बसा. गप बसायच्या बी तऱ्हा असतात. सासू बोलती तवा एक, नवरा खोटं बोलतो तवा दुसरी. मी दुसऱ्या तऱ्हेनं बसले.

रामलिंग : चौदा वर्षांत एकदा तरी सांगायचं.

तारामती : तुम्ही इचारलं कवा? तुम्ही तर माझं पाठांतर सांगत फिरत होता.

मालविका : सर, एक विचारू? ह्या पिक्चरमध्ये कॅमेरा हलतो का कधी?

रामलिंग : कशाला हलंल? स्टँडवर ठेवला आन् मी जाऊन बाकावर बसलो.

मालविका : मग मशीन बंदच करते. चौकट डाव्या टोकावर ठेवायची आणि सोडून द्यायची. तासाभरात पंच्याहत्तर भाग निघतील. सगळ्यांत मावशी.

रामलिंग : आन् मी?

मालविका : तुमचा आवाज आहेच की.

रामलिंग : आवाज? अगं, ते काम मला करायचं होतं म्हणून केला पिक्चर! खोटं कशाला बोलू? निर्माता-बिर्माता पाटीवर. अहमदपूरच्या गॅदरिंगपासून मला नट व्हायचं होतं. एकदाच कॅमेऱ्यासमोर बसलो जिंदगीत. आन् आज दुनिया बघायला लागली तर मीच बाहेर?

मालविका : दोघं मावत नाहीत सर. मी काय करू?

रामलिंग : तू काय करणार! आन् नुसत्या गप बाईकडं कोण बघंल? ही फोनवाली जनता. तीन सेकंदांत बोट फिरवती.

मालविका : लावते. बघा तरी.

(पडद्यावर बाकाचं डावं टोक. रामलिंग पुढं वाकून बघतो.)

मालविका : चार मिनिटं झाली सर. तुम्ही बोट फिरवलं नाही.

रामलिंग : हे पदराचं टोक बोटाला गुंडाळून राहिल्या ह्या. आन् 'पत्रे टाकू' म्हनलं की सोडून दिलं. हे मी बघितलंच न्हवतं कधी.

तारामती : कसं बघणार? तुम्ही समोर कॅमेऱ्याकडं बघून बोलत होता.

रामलिंग : हाव. माझ्याकडंच बघून राहिलो होतो मी. टॉकीजला बी, घरी बी. लई वाईट वाटून राहिलं अक्का, खरं सांगतो. तुमच्याकडं बघितलं न्हाई ह्याचं बी, आन् तुमच्या पाठांतराचा किस्सा सांगत फिरलो त्याचं बी.

मालविका : सर, साडेतीन झाले. तुमचं काय ते ठरवा. पण मग तुम्ही एकाही भागात दिसणार नाही.

रामलिंग : बेचाळिसाव्यात यील की माझा हात. बाटली घ्यायला.

मालविका : हो, तो येईल.

रामलिंग : कोपरापर्यंत?

मालविका : मनगटापर्यंत.

रामलिंग : ऱ्हाऊ दे. आन् नावांच्या पाटीत तारामतीबाईंचं नाव पहिलं घाल. माझं खाली, 'आवाज' म्हणून. अक्का, असाच पाठवू का मग?

तारामती : हूं.