तेवढा पंप चालू राहू द्या

नाही नाही, त्या विजेच्या पेटीला हात लावू नका दादा, वरचे दिवे तोडा, पंखे तोडा, एवढी एक लाईन सोडा — साहेबांशी माझं बोलणं झालंय, संग्रहालय रिकामं केलं तरी तळघरातला हा पंप चालू ठेवायचा. चिठ्ठी? चिठ्ठी कशाला, तोंडी झालंय. बघा तरी फवारा कशावर चाललाय, या, जपून, घसराल. नाव आहे ही, जुनी होडी. नदीच्या गाळातून मी काढली, तेव्हा माझे केस काळे होते. दिसतं लाकूड, पण आत नुसतं पाणी — ते उडून गेलं की संपलं, आक्रसते, चिरते. म्हणून हे पातळ मेण शिंपडत राहायचं, पाण्याच्या जागी मेण मुरेपर्यंत. वर्षानुवर्षं. आता थोडंच राहिलंय, वर्षभर, फार तर दीड.

कशावरून म्हणता? अहो, आमच्या सरांनी पहिली नाव काढली ना, ती पाहुण्यांबरोबर फोटो हवा म्हणून उन्हात ठेवली. माणसं चहा पीत होती आणि ती तडकायला लागली — आवाज येतो हो, कडकड. सरांनी अंगातला सदरा काढला, भिजवला, तिच्यावर टाकला. सदऱ्यानं काय होतंय? शेवटी ढलप्या भरल्या आम्ही टोपल्यांत. सर पुन्हा खोदकामावर आले नाहीत.

ती गादी? रखवालदाराची. बरं, माझीच. स्टोव्हही माझाच. फवाऱ्याचं तोंड केव्हाही तुंबतं, कोणीतरी हवं ना — निवृत्त झालो म्हणून काय झालं. त्यांनी किल्ली परत मागितली होती, हरवली म्हणून सांगितलं मी. आणि साहेब... साहेब माझा फोन उचलत नाहीत. बायको होती तोवर घरी जायचो. आता लेक म्हणते, बाबा, माझ्याकडे या, नातवाला गोष्टी सांगा. जाईन की, नावेचं झालं की जाईन. मला दुसरं काही येत नाही हो. पाया पडतो तुमच्या, वयानं मोठा आहे तरी पडतो — सांगा साहेबांना, खालची लाईन सापडली नाही. तुमचीही नोकरी आहे, कळतं मला, पोरंबाळं असतील — थांबा, तो खटका —

केलात बंद.

बरं. जा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना, वारा लागतो तिला.