मालकांचं दुसरं कुलूप

तुझ्या घरमालकाचं ऐकून मला माझंच आठवलं. खोडाळ्याच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे ना, तिथे एका सकाळी गेले, तर माझ्या कुलपावर गाळ्याच्या मालकांनी आपलं कुलूप लावलेलं! पुतण्यासाठी मोबाईलचं दुकान टाकायचं होतं त्यांना. माझा भाडेकरार तर अजून चालू होता, आणि आत लोकांचे लग्नाचे कपडे अडकलेले.

जव्हारच्या वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कोर्टाच्या हुकमाशिवाय असं बाहेर काढता येत नाही. उद्या अर्ज करू. तुम्ही कुलपाला हात लावू नका."

उद्यापर्यंत कसं थांबायचं? ओट्यावर नुसत्या येरझाऱ्या घालत होते. दुपारी मालकीणकाकू घाईघाईने आल्या.

"पोरीचा हळदीचा ब्लाऊज झाला का गं?"

"झाला काकू, पण आत आहे. कुलूप तुमच्या घरचं."

काकूंनी कुलूप निरखून पाहिलं, रस्त्यावरचा दगड उचलला आणि घाव घालून ते पाडलं. मी माझं कुलूप उघडून ब्लाऊज त्यांच्या हातात दिला, तोवर आवाज ऐकून मालक धावत आले.

"माझं कुलूप कोणी तोडलं?"

"मी," ब्लाऊजची बाही उलटून शिलाई बघत काकू म्हणाल्या. "करा माझ्यावर केस. फक्त हळद होऊ द्या."