डबा दारात ठेव

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते.

"आज डोळ्याला पट्टी बांधणार, म्हणून ताई हवी. आणि रविवारी? मी बेल वाजवली, तर आतून मेसेज, 'डबा दारात ठेव'!"

"साथीपासून सवयच लागलीय गं."

"साथ जाऊन वर्षं झाली! आधी माझ्याकडे पत्ते कुटायला पडीक असायचास."

"आता कुणी आलं की जीव घाबरा होतो."

"कुणी? मी 'कुणी' का रे?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

"घेतला ना डबा, तू गेल्यावर."

"गेले कुठे होते? जिन्यात उभी होते. दार उघडलंस, डबा उचललास आणि कडी लावलीस. वरची, खालची, दोन्ही."